बाविसावी ओळ

आषाढ सरायला आठवडा उरला होता, तेव्हा पौर्णिमा मोजणीची टेप, चुन्याची पिशवी आणि दोन डझन खुंट्या गाडीत टाकून अमरावतीहून कासवखेडला आली. अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात ती मुलांना जमीन मोजायला शिकवायची. बारा वर्षं तेच काम. पोरं म्हणायची, मॅडम लग्नाच्या मांडवात गेल्या तरी आधी डोळ्यांनीच लांबी-रुंदी काढतात. त्यात फारसं खोटं नव्हतं.

कासवखेड तिचं आजोळ. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याला पाठ टेकून बसलेलं दोनशे घरांचं गाव. एके काळी गावाभोवती साठ पानमळे होते. बारी समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या नागवेल लावायची आणि इथलं पान करंड्यांत भरून बैलगाड्यांनी अकोटला जायचं. पुढे विहिरींचं पाणी खाली गेलं, वेलींवर रोग आला, मजूर मिळेनासे झाले. एकेक मळा मोडला आणि तिथं संत्री आली, केळी आली. साठांतला आता एकच उरला होता, सत्तरीच्या माणिकबाईचा.

पौर्णिमाचे मामा केशवराव शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी गावाचा वारसा जपायचं मनावर घेतलं. समिती काढली. जुन्या चावडीत पानाच्या करंड्या, पितळी अडकित्ते, मापाच्या टोपल्या, जुने फोटो असं खोलीभर सामान जमवलं. आजोबांनी स्वतःचा मळा मोडला तेव्हा मामा शाळकरी होते. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, पण माणिकबाईच्या मळ्याकडे बघताना त्यांचा मुख्याध्यापकी चेहरा जरा सैल पडायचा. बारी लोक नागपंचमीला वेलीची पूजा करतात, म्हणून त्या दिवशी मोठा कार्यक्रम ठरला होता. शाळेची मुलं मळा बघणार, पाहुणे येणार, आणि मामांनी लिहिलेल्या पुस्तिकेचं प्रकाशन होणार. पुस्तिकेत मळ्याचा नकाशा हवा होता. तो भाचीशिवाय कोण काढणार?

माणिकबाईनं परवानगी द्यायला दोन महिने लावले. शेवटी तीन अटींवर ती कबूल झाली. आत अनवाणी यायचं, दुपारच्या आत आवरायचं, आणि मळ्यात कोणाचं नाव घ्यायचं नाही. मामांनी या तिन्ही अटी पुस्तिकेत ‘मळ्याच्या प्रथा’ म्हणून चौकटीत छापायला घेतल्या होत्या.

पौर्णिमा चपला काढत होती तेव्हा माणिकबाई कुंपणाशी बसून पानांच्या चवड्या लावत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, “आत गेल्यावर मामाले नावानं हाक मारू नको. मले नको, कोनालेच नको. ओ बाई, ओ भाऊ, इतकंच.”

“काहून, मावशी?”

“आमी नाई मारत.”

आत गेल्यावर पौर्णिमाला आधी काही दिसलंच नाही. बाहेर सकाळचे साडेनऊ वाजले होते, ढगाळ असला तरी चांगला उजेड होता. आत हिरवा अंधार. पांगरा, शेवरी आणि हादग्याची झाडं हातहात अंतरावर रांगेनं उभी, आणि त्यांच्या अंगाला जमिनीपासून डोक्यापर्यंत वेल चिकटलेली. पानांच्या दोन भिंती आणि मधे एका माणसापुरती वाट. ओली माती, खत म्हणून घातलेली कुजलेली ढेप आणि पानाचा तिखट वास. पायाखालचा चिखल थंडगार होता. एकही पाखरू बोलत नव्हतं.

तिनं कामाला सुरुवात केली. पूर्वेच्या कुंपणाशी वाटांची तोंडं होती, ती मोजली. एकवीस. प्रत्येक तोंडाशी पहिल्या झाडावर चुन्यानं आकडा घातला. पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, जाऊन पुन्हा मोजली. एकवीस. मग मळ्याच्या बरोबर मध्यावरून आडवी चालत तिनं प्रत्येक ओळीत एकेक खुंटी ठोकली. पिशवीत चोवीस खुंट्या होत्या. पलीकडच्या कुंपणाला लागली तेव्हा दोनच उरल्या.

चूक झाली असेल, असं तिला वाटलं. ती परत फिरली, खुंट्यांना हात लावून मोजल्या. बावीस.

तेव्हा तिनं विद्यार्थ्यांना शिकवते तेच केलं. शंका आली की दोरी लावायची. एका एका खुंटीला सुतळी बांधून ती ओळीतून सरळ बाहेर आणायची आणि कोणत्या आकड्याशी निघते ते लिहायचं. चौदाव्या खुंटीची सुतळी चौदाव्या तोंडातून बाहेर आली. पंधराव्या खुंटीची सुतळी घेऊन ती निघाली, वाट सरळ होती, कुठे वळली नाही, डावीउजवीकडे पानांची भिंत सलग होती. बाहेर आली आणि तिनं आकडा बघितला.

चौदा. तिची आधीची सुतळी तिथंच, तिच्या पायाशी पडलेली होती.

तिनं दोन्ही सुतळ्या ओढून बघितल्या. मग पुन्हा आत गेली. त्या पंधराव्या खुंटीजवळ तिला आणखी एक गोष्ट दिसली. मळाभर वेली झाडांना प्लास्टिकच्या सुतळीनं बांधल्या होत्या; लव्हाळा मिळत नाही म्हणून माणिकबाईनं तो सोडून पंधराएक वर्षं झाली होती. या ओळीत मात्र एकेक वेल लव्हाळ्याच्या काडीनं बांधलेली होती, जुन्या रीतीची बारीक गाठ मारून. तिनं एका गाठीला बोट लावलं. काडी ओली होती. नुकतीच भिजवून बांधलेली.

पानांच्या आड कुठेतरी एक गाठ आवळल्याचा चर्र आवाज झाला. पौर्णिमा टेप तिथंच टाकून बाहेर आली.

माणिकबाईनं तिच्याकडे बघितलं आणि विचारण्याआधीच सांगितलं की माह्या एकवीस ओळी हायेत, सासऱ्यानं एकवीसच दिल्या. मग पुन्हा पानं चवडीला लावू लागली. मामांना पौर्णिमानं घरी लव्हाळ्याच्या गाठींचं सांगितलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले, फोटो घ्यायला हवा होता. बाकीचं तिनं सांगितलं नाही. रात्री टेबलाशी बसून तिनं स्वच्छ, प्रमाणशीर नकाशा काढला आणि त्यात एकवीस ओळी दाखवल्या. बारा वर्षांत नकाशात तिनं लिहिलेलं ते पहिलं खोटं.

नागपंचमीला सकाळपासून गाव नटलं होतं. बायकांनी मळ्याच्या वाटेवर रांगोळ्या घातल्या होत्या. मांडव मळ्यापासून लांब, शाळेच्या पटांगणात घातला होता, माणिकबाईला शब्द दिला होता म्हणून. मुलं दहा-दहाच्या टोळीनं मळ्यात जाऊन आली. दारात उभी राहून पौर्णिमा प्रत्येक टोळी मोजून आत सोडत होती आणि मोजून बाहेर घेत होती. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. तोंडावर बोट ठेवून जायचं, हा मुलांना खेळच वाटला. साडेअकरापर्यंत सगळी मुलं बाहेर आली आणि मांडवाकडे पळाली, तेव्हा तिनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

पाहुण्यांना देण्यासाठी ताजी पानं हवी म्हणून मामा करंडी घेऊन स्वतः आत गेले. पांढरा सदरा, पायजमा, नाकावर चष्मा. पुनी, पाचच मिनिटं, असं म्हणून ते चौथ्या की पाचव्या ओळीत शिरले. माणिकबाई पूजेचं ताट घेऊन मांडवात गेली होती. कुंपणाशी पौर्णिमा एकटीच होती.

सूत्रसंचालन पियुष नावाचा नवा शिक्षक करत होता. तो तिवस्याकडचा, गावात येऊन दोन महिने झालेले. अटी त्याला कोणी सांगितल्या असतील नसतील. मांडव लांब होता, पण आवाज गावभर जावा म्हणून कोणीतरी एक भोंगा मळ्याजवळच्या कडुनिंबावर चढवून बांधला होता. तो खरखरला.

“समितीचे अध्यक्ष केशवराव गुरुजी. केशवराव गुरुजी, आपण जिथे असाल तिथून व्यासपीठाकडे यावं.”

डावीकडून, चौथ्या-पाचव्या ओळीतून, मामांचा आवाज आला.

“ओ. आलो, आलो.”

आणि उजवीकडून, मळ्याच्या मध्यातून, मामांचाच आवाज आला.

“ओ. आलो.”

तो पडसाद नव्हता. पडसाद शब्द बदलत नाही, आणि मधे खाकरत नाही. दुसरा आवाज खाकरला होता.

पानं हलली आणि मामा बाहेर आले. हातात भरलेली करंडी, चष्म्यावर दव. तिच्याकडे बघून हसले, घाईनं चपला पायात सरकवल्या आणि मांडवाकडे चालू लागले. ती त्यांच्या मागे निघणार, तेवढ्यात मागून, आतून, हलक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, “पुनी?”

ती थांबली. तिनं ओ दिली नाही. पण तिचे पाय आत गेले.

चौदाव्या ओळीत ती अर्ध्यापर्यंत चालत आली. उजव्या हाताला पानांची भिंत, आणि भिंतीपलीकडे पांढरा सदरा. पानांच्या फटीतून तिला चष्म्याची एक काच दिसली, पांढऱ्या मिशा दिसल्या. मामा करंडी छातीशी धरून उभे होते. करंडीत चार-पाचच पानं होती.

“मामा,” ती म्हणाली. नातं म्हणजे नाव नव्हे, एवढं तिला त्या क्षणीही सुचलं.

“अव पुनी, मले निंगाची वाट दिसून नाई राहिली. ह्या अंगानं गेलो तं पुन्हा इथंच आलो.”

तेवढ्यात कडुनिंबावरचा भोंगा बोलू लागला. आदरणीय पाहुणे, गावकरी बंधू आणि भगिनींनो. ठसक्यात, सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं थांबत. चाळीस वर्षं शाळेच्या प्रार्थनेनंतर ऐकू यायचा तोच आवाज.

पानांपलीकडचे मामा ऐकत राहिले. चष्म्याची काच हलली नाही.

“हे कोन बोलून राहिलं?” त्यांनी विचारलं. आणि मग अगदी हळू, “माह्या आवाजात कोन बोलून राहिलं व?”

पौर्णिमानं पानांतून हात घातला. त्यांनी तो पकडला. बोटं गरम होती, घामट होती, करंगळीजवळ त्यांची चांदीची अंगठी तिला टोचली. तिनं ओढलं, पण मधे पांगऱ्याची झाडं हातहात अंतरावर उभी होती. इथंच थांबा, हलू नका, मी त्या तोंडानं येते, असं सांगून तिनं हात सोडला.

ती पळत बाहेर आली. चुन्याचा चौदा. त्याच्या शेजारी चुन्याचा पंधरा.

पंधरामधून आत गेली. तिची खुंटी सापडली नाही. लव्हाळा नाही. सगळीकडे प्लास्टिकची सुतळी.

भोंग्यावर टाळ्या वाजत होत्या.

“मामा,” ती म्हणाली.

“आलो,” आवाज आला, आधीपेक्षा लांबून. “पुनी, आलोच.”

मळा एकतीस मीटर रुंद होता. आवाज त्याहून लांबून येत होता.

माणिकबाईनं तिला बाहेर काढलं तेव्हा पौर्णिमाच्या हातापायांना चिखल होता आणि ती सारखी ओळी मोजत होती. म्हातारीनं तिला कुंपणाशी बसवलं, पाणी दिलं. काय झालं ते विचारलं नाही. मांडवातून जेवणाचा वास येऊ लागला तेव्हा ती आपणहून बोलू लागली.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी अकोटचा एक व्यापारी रस्त्यावर येऊन तिच्या नवऱ्याला हाक मारून गेला होता. भगवंतराव, ओ भगवंतराव. तेव्हा माणिकबाई अशीच कुंपणाशी पानं लावत बसली होती.

“हाक एकाले मारली, ओ दोघाईनं देली,” माणिकबाई म्हणाली. “जो पहिले बाहीर आला, त्याले मी घरी नेलं. एकोनीस वर्षं राहिला. चांगला होता. भांडला नाई, पेला नाई. मेला तं मी रडली पन. पन मळ्यातलं बोलनं काई त्या दिवशी थांबलं नाई.”

पौर्णिमानं विचारलं की पुन्हा नावानं हाक मारली तर ते बाहेर येतील का. माणिकबाईनं जोरजोरात नकाराची मान हलवली. तिनं तेही करून बघितलं होतं, त्यानंतर तिसऱ्या वर्षी. त्या हाकेला घरातून ओ आली, मळ्यातून आली, आणि मळ्यातच त्याच्याही पलीकडून तिसरी आली.

मग मळ्याच्या वाटेवर लावलेल्या फलकाकडे तिनं हनुवटी केली. त्यावर माणिकबाईचा मोठा फोटो होता, खाली लिहिलं होतं, वारसा जपणारी माउली.

“सारे म्हनतात मानिकबाईनं वारसा जपला. मी कायचा वारसा जपू, बाई? मळा मोडला तं ते जातीन कुठी?”

त्या दिवशी संध्याकाळी पौर्णिमा घरी गेली तेव्हा मामा ओसरीवर बसून लोकांचं अभिनंदन घेत होते. तिला बघून त्यांनी शेजारी जागा केली. तिनं त्यांचा हात हातात घेतला. तोही गरम होता. करंगळीजवळ चांदीची अंगठी होती. त्यांना तिच्या बारशाची तारीख आठवत होती, तिच्या आईचं लाडाचं नाव आठवत होतं, साखरेच्या गोळीची वेळ आठवत होती. विचारण्यासारखं काही उरलं नाही.

पुढचे सात रविवार ती अमरावतीहून गाडी चालवत येत राहिली. टेप आणली, दोऱ्या आणल्या, होकायंत्र आणलं. मळा दर वेळी एकवीस ओळींचा निघाला. आवाज मात्र यायचा. कधी मामा वार विचारायचे, कधी म्हणायचे की इथं कोणीतरी वेली बांधत जाते, पुढे पुढे जाते, मले त्याचं तोंड दिसत नाई. एकदा त्यांनी विचारलं, घरी सारं ठीक हाय ना? ती उठून आली.

आठव्या रविवारी तिनं ठरवलं की आशामामीला सांगायचंच. मामी स्वयंपाकघरात होती. आत पाट मांडले होते, तीन. पौर्णिमानं बोलायला तोंड उघडलं, तर मामीनंच दार लोटून घेतलं.

“मले ठाऊक हाय,” मामी म्हणाली. “मानिकबाईनं नाई सांगतलं. मले पहिल्याच दिवशी समजलं.”

मामी पोळीला तूप लावत होती. हात ठरलेल्या गतीनं फिरत होता.

“चाळीस वर्षं त्याईनं पेपर समोर धरून एकट्यानं जेवन केलं. भाजीले मीठ कमी पडलं का जास्त, तेवढंच बोलनं. आता हे माह्यासाठी थांबतात. तू जेवल्याबिगर मी नाई बसत, म्हनतात. माह्या पायाले भेगा पडल्या तं अकोटहून मलम आनलं.” तिनं तुपाची वाटी खाली ठेवली. “पुनी, तू मळ्यात जाऊन राहिली, ते आता बंद कर.”

“मामी, ते तिथं आहेत. आपले मामा तिथं—”

“बंद कर म्हनलं ना.”

दारावर टकटक झाली आणि मामा आत आले. हात धुतलेले, सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. मामीच्या पाटाशेजारी बसले, तिची वाट बघत. मामीनं ताटं वाढली. पौर्णिमाही तिसऱ्या पाटावर बसली. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला उघडायची, आणि मागे संत्र्याचा एक बगीचा सोडला की मळ्याचं कुंपण.

भर दुपार होती. वारा पडला होता.

खिडकीतून आवाज आला. लांबचा, थकलेला. उभ्या जन्मात मामांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती.

“आशा.”

पाटावरच्या मामांनी घास तसाच धरला आणि मामीकडे बघितलं.

“आशा. ओ आशा.”

मामीनं मान वर केली नाही. वरणाचा चमचा तिच्या हातात स्थिर होता. ओठ घट्ट मिटलेले होते. पौर्णिमा त्या ओठांकडेच बघत होती, त्यामुळे पुढे जे ऐकू आलं ते मामी बोलली नाही, हे ती कुठंही शपथेवर सांगू शकते.

मळ्याकडून, मामीच्या आवाजात, कोणीतरी म्हणालं, “ओ. आली.”